मूत्रपिंडाच्या नसा आणि माझी सुवाच्य वही

ओजस, सानिका,

हे पत्र लांब आहे. एका बैठकीत संपणार नाही, तेव्हा दोन-तीन रविवारांत वाचा. सानिकाला जोडाक्षरं अडली तर ओजसने मदत करावी, पण तिच्या आधी वाक्य वाचून टाकू नये.

आत्ताच का लिहिते, ते आधी सांगते. गेल्या शनिवारी तुमचा बाबा फोनवर म्हणाला की ऑफिसच्या तपासणीत त्याचा रक्तदाब जास्त निघाला. मी विचारलं, "किती?" तर म्हणाला, "अगं, पहिल्यांदा जरा जास्त आला, पण दहा मिनिटांनी परत घेतला तेव्हा बरा होता." हे वाक्य मी चांगलं ओळखते. दोन वर्षं मी तेच म्हणत होते. त्या दोन वर्षांत माझ्या मूत्रपिंडांचं, म्हणजे तुम्ही ज्यांना किडनी म्हणता त्यांचं, काय झालं हे तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला "आजीला बरं नाही" एवढंच सांगितलं होतं. आता तुम्ही चौदा आणि अकरा वर्षांचे आहात. पूर्ण हकिकत कळायला हवी.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं आणि तेहतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत इंग्रजीच शिकवलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही हे भराभर वाचलं असतं. मला ते भराभर वाचलेलं नको आहे.

कपाळावरची पट्टी

माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. नारायण पेठेत, माझ्या माहेरापासून चार पावलांवर, डोळ्यांचा एक छोटा दवाखाना आहे, तिथे. मी सगळी तयारी नियमाने केली होती. थेंब वेळेवर घातले होते, केस धुतले होते, कागद क्रमाने लावून फाइलमध्ये ठेवले होते. कोणता डोळा ते चुकू नये म्हणून सिस्टरने उजव्या भुवईच्या वर एक पट्टी चिकटवली, हिरवा गाऊन दिला आणि रक्तदाब मोजला. मग दुसरं यंत्र आणून पुन्हा मोजला.

"दोनशे दहा आहे, आजी."

"परत घ्या. जिना चढून आलेय मी."

दहा मिनिटांनी दोनशे चार. मी म्हटलं, "आणखी एकदा."

"आणखी तीनदा घेतला तरी ऑपरेशन आज होणार नाही," सिस्टर म्हणाली. "कपडे बदला. आणि आजच तुमच्या डॉक्टरांकडे जा, उद्या नाही."

बाहेर बाकावर आजोबा माझा चष्मा आणि थर्मास घेऊन बसले होते.

"झालं पण? एवढ्यात?"

"नाही झालं."

"मग हे कपाळावर काय चिकटवलंय?"

मी रिक्षात बसेपर्यंत ती पट्टी काढायची विसरले होते. रिक्षा आम्ही थेट बिबवेवाडीला, घराजवळच्या दवाखान्यात नेली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्त आणि लघवी तपासायला दिली, आणि दुसऱ्या दिवशी अहवाल बघून स्वतः फोन करून मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर स्वतः फोन करतात तेव्हा काय समजायचं ते समजतंच.

माझी वही

आता माझी चूक. ही मी कुणाच्या सांगण्यावरून केली नाही, माझी मीच केली.

माझ्या रक्तदाबाला दोन गोळ्या चालू होत्या. तुमच्या मंजिरीआत्याने घरी मोजायचं यंत्र आणून दिलं आणि सांगितलं, रोज मोज आणि लिहून ठेव. मी दोनशे पानी वही घेतली, लाल शाईने समास आखले, आणि नियम केला: तीनदा मोजायचा, त्यातला सगळ्यात चांगला आकडा लिहायचा. शाळेत आम्ही हेच करायचो. तीन चाचण्या घ्यायच्या आणि ज्यात मुलीला जास्त गुण ते धरायचे. एखादीला ताप असतो, एखादीच्या घरी भांडण झालेलं असतं. एका वाईट दिवसाचा शिक्का तिच्यावर का बसावा? हा नियम दयाळू होता आणि शाळेत तो बरोबरच होता.

यंत्राचं बटण आजोबा दाबायचे.

"एकशे अठ्ठ्याहत्तर."

"थांबा. आत्ता स्वयंपाकघरातून आलेय."

"एकशे सत्तर."

"मधे बेल वाजली ना."

"एकशे बावन्न."

"हां. लिहिते, एकशे पन्नास."

आजोबांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. चाळीस वर्षं त्यांनी वजनं केली. ते एकदा म्हणाले, "बाई, मी असं वजन केलं असतं तर लोकांनी मला काट्यासकट उचलून गाळ्याबाहेर ठेवलं असतं." मी म्हटलं, "अहो, माणूस म्हणजे कांद्याचं पोतं नाही." ते यंत्र डब्यात ठेवायला लागले. त्यांना माझ्याशी वाद घालायचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याचा मी आयुष्यभर फायदा घेतला आहे.

दर तीन महिन्यांनी आमचे डॉक्टर वही बघायचे. म्हणायचे, "काय सुरेख ठेवलीय! ठीक चाललंय." दवाखान्यात ते स्वतः मोजायचे तेव्हा जास्त यायचा. मी म्हणायचे, "दवाखान्यात आलं की माझा वाढतोच, घरचा बघा ना." गोळ्या तेवढ्याच राहिल्या.

शंभरातले बेचाळीस

मूत्रपिंडाच्या डॉक्टर चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या बाई आहेत. मी त्यांच्यापुढे फाइल ठेवली आणि वर वही ठेवली. त्यांनी पंधरा-वीस पानं उलटली.

"कुठल्या शाळेत शिकवत होता, मॅडम?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"एकही खाडाखोड नाही. रक्तदाबाच्या वहीत खाडाखोड नसली की मला जरा भीती वाटते."

मग त्यांनी विचारलं, कसा मोजता? मी सांगितलं. आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी वही बंद केली, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तीनदा मोजता ते उत्तमच. पण तिन्ही लिहायचे असतात."

त्यांनी रक्ताच्या अहवालातल्या एका आकड्याभोवती गोल केला. मूत्रपिंडं रक्त किती गाळतात, त्याचा तो आकडा. शंभरातले समजा, त्या म्हणाल्या. माझे बेचाळीस होते.

"आम्ही पस्तीसला पास करायचो," मी म्हटलं. मला वाटलं मी विनोद करते आहे. माझा आवाज वेगळाच आला.

"इथे पंधराच्या आसपास आलं की डायलिसिसचं बोलावं लागतं. काही गुण वयाने गेले असतील. काही या दाबाने गेले. गेलेले परत यायचे नाहीत. आहेत ते किती वर्षं टिकवता येतात, एवढंच आपल्या हातात आहे."

गुडघ्यांसाठी मी परस्पर औषधांच्या दुकानातून आणत होते त्या दुखण्यावरच्या गोळ्या त्यांनी तिथल्या तिथे बंद केल्या. त्या गोळ्यांनीही मूत्रपिंडाला मिळणारं रक्त कमी होतं, म्हणाल्या. आणि चार दिवस दाखल व्हायला सांगितलं.

घरी येऊन मी बॅग भरली. टॉवेल, साबण, दोन गाऊन, वहीपेन. आजोबा दारात उभे होते. म्हणाले, "मी म्हणायला हवं होतं." मी म्हटलं, "म्हणाला होतात." ते म्हणाले, "एकदाच म्हणालो." आणि बटाटे आणायला म्हणून निघून गेले. घरात बटाटे होते.

ज्या यंत्राला 'थांबा' म्हणता येत नाही

रुग्णालयातला दिवस शाळेसारखाच तासांत विभागलेला असतो. सहाला वजन, सातला चहा, आठला गोळ्या, नऊला डॉक्टरांची फेरी. मला ते बरं वाटलं. जेवण मात्र बिनमिठाचं. बिनमिठाची आमटी पहिल्या दिवशी औषधासारखी लागते, चौथ्या दिवशी तिच्यातली चिंच कळायला लागते. हे नव्याने बिनमीठ खाणाऱ्या कुणालाही सांगा. चार दिवस काढले की जीभ सुधारते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या डाव्या दंडाला चोवीस तासांसाठी एक पट्टा बांधला. दर अर्ध्या तासाने तो आपोआप फुगतो, रक्तदाब मोजतो आणि आपल्या पोटात ठेवतो. त्याला "थांबा" म्हणता येत नाही. मी फक्त त्या त्या वेळी काय करत होते ते लिहायचं होतं. मी लिहिलं: साडेनऊ, पेपर वाचला. अकरा, मंजिरी आली. साडेचार, मुलाशी व्हिडिओ कॉल.

ते साडेचारचं सविस्तर सांगते, कारण तुम्हीही त्या कॉलवर होतात. तिकडे परदेशात तेव्हा सकाळ होती, तुम्ही शाळेत जायच्या घाईत होतात. मी खाटेमागचा पडदा दिसू नये म्हणून भिंतीकडे वळून बसले होते आणि म्हणाले होते, "मंजिरीकडे आलेय चार दिवस." बाबाने विचारलं, "तब्येत?" मी म्हटलं, "सगळं ठीक आहे रे." नेमका तेव्हाच तो पट्टा फुगायला लागला. मी दंड खाली दाबून धरला आणि सानिकाला विचारलं, डब्यात काय नेतेस.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आलेख घेऊन आल्या. आजोबाही होते. आलेखात दिवसभर डोंगर होते आणि झोपेतही रेष खाली आलेली नव्हती. सगळ्यात उंच टोकावर त्यांनी बोट ठेवलं.

"साडेचार. दोनशे चौदा. मुलाशी काय बोलत होता?"

"सगळं ठीक आहे, असं सांगत होते."

त्यांनी नुसती मान हलवली. मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वरच्या मजल्याचा नळ

मग त्यांनी माझ्या खाटेवर बसून जे समजावलं ते मी मला कळलं तसं सांगते.

मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीभोवती बारीक नसांची जाळी असते. वेलीला सुतळी गुंडाळावी तशी. या नसा मेंदूकडून निरोप आणतात. आपण घाबरलो, पडलो, रक्त गेलं, की मेंदू म्हणतो, रक्त आत्ता हृदयाला आणि स्नायूंना हवं. मग या नसा मूत्रपिंडाची वाहिनी आवळतात. तेवढ्यापुरतं ते शहाणपणाचं असतं, माणूस त्याने वाचतो. पण काही माणसांत त्या नसा सैल पडतच नाहीत. मूत्रपिंडाला वाटतं, रक्त कमी येतंय म्हणजे शरीरातलं पाणीच कमी झालंय. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि दाब वाढवणारी रसायनं सोडतं. वाढलेल्या दाबाने त्याच्याच चाळण्या झिजतात. आणि झिजलेलं मूत्रपिंड नसांमधून मेंदूकडे उलट तक्रार पाठवतं. मेंदू आणखी आवळतो.

या नसांना इंग्रजीत 'सिंपथेटिक' म्हणतात. मी तो शब्द शाळेत वेगळ्या, सहानुभूतीच्या अर्थाने शिकवत असे. असो.

 आजोबा एकदम म्हणाले, "म्हणजे आमच्या सोसायटीचं पाणी."

"कसं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चौथ्या मजल्याचा वॉल्व्ह कुणीतरी पिळून ठेवतो. चौथ्या मजल्यावरच्या मोरेबाईंना वाटतं टाकीच रिकामी आहे. त्या वॉचमनला ओरडतात, पंप लाव. तो लावतो. पाणी काही वर येत नाही, कारण वॉल्व्ह आवळलेलाच. पण खाली सगळ्यांचे पाइप फुटतात. मोरेबाई आणखी ओरडतात."

"अगदी असंच," बाई म्हणाल्या. "मी उद्यापासून हेच सांगणार पेशंटना. फक्त मोरेबाईंचं नाव घेणार नाही."

मी विचारलं, "मग माझ्या काळजीने हे झालं? मी खोटं बोलले म्हणून?"

"नाही," त्या ठामपणे म्हणाल्या. "तो घटकाभराचा उंचवटा होता. तुमचा आजार चोवीस तासांचा आहे, झोपेतसुद्धा आहे. त्यात आनुवंशिकता आहे, वय आहे, मीठ आहे, गोळ्या कमी पडल्या हे आहे. काळजी करणं हा गुन्हा नव्हे. पण मला खरं दिसलं नाही तर मी उपचार कशावर करू?"

हे मी तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. आजारी माणसाला लोक "टेन्शन घेऊ नका" म्हणतात, आणि मग आजार हा जणू त्याच्याच स्वभावाचा दोष होतो. तसं नसतं. माझा दोष वहीत होता.

मंजिरी आणि बाबा

घरी आल्यावर मंजिरी एकदाच बोलली, पण सगळं बोलली. भाजी निवडत होती. "आई, मी इथे आहे म्हणून धावपळ माझी, रिपोर्ट माझे, रात्री झोप माझी उडायची. आणि दादा लांब आहे म्हणून त्याला फक्त चांगलं सांगायचं. मला एकटीला खरं माहीत असणं किती जड असतं, विचार केलायस?"

मी केला नव्हता. मला वाटत होतं मी एका मुलाला वाचवते आहे. दुसरीच्या डोक्यावर किती ठेवते आहे ते बघितलं नव्हतं.

त्या रविवारी मी बाबाला सगळं सांगितलं. बेचाळीस, दोनशे चौदा, वही, पडदा. तो म्हणाला, "दोन वर्षं तू मला फेअर कॉपी वाचून दाखवलीस, आई." आणि फोन ठेवला. नऊ दिवस त्याचा फोन आला नाही. तुम्हाला आठवत असेल, त्या आठवड्यात तुम्ही दोघंच माझ्याशी बोललात आणि "बाबा बाहेर गेलाय" म्हणालात. तो बाहेर गेला नव्हता, हे मला कळत होतं.

दहाव्या दिवशी त्याचा फोन आला. "आज किती?" एवढंच विचारलं. मी तिन्ही आकडे सांगितले. तेव्हापासून आमचं असंच चालतं.

टेबलावर

पुढचे तीन महिने मी पेन्सिलने तिन्ही आकडे लिहिले. वही कुरूप झाली. गोळ्या दोनाच्या चार झाल्या. दाब दोनशेवरून एकशे सत्तरच्या आसपास आला आणि तिथेच अडला. तेव्हा डॉक्टरबाईंनी एक उपाय सुचवला. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मूत्रपिंडाच्या वाहिनीपर्यंत न्यायची आणि तिच्याभोवतीच्या नसा आतून उष्णतेने निकामी करायच्या. "सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही," त्यांनी सांगितलं. "झाला तर दाब थोडा उतरेल, आणि तोही काही आठवड्यांनी उतरेल. गोळ्या सुटतील असं वचन मी देणार नाही."

त्या वचन देत नव्हत्या म्हणून मी हो म्हटलं.

भीती वाटली का? वाटली. नळीची नव्हती. नळी घालताना काही बिघडलं आणि आहेत ते बेचाळीसही गेले तर, ही भीती होती. ती मी आजोबांना सांगितली, मंजिरीला सांगितली, बाबाला सांगितली. भीती सांगितल्याने कमी झाली नाही. पण मला ती एकटीने लपवावी लागली नाही.

गुंगीचं औषध दिलं होतं तरी कमरेत आत कुठेतरी कळा येत होत्या, बोथट आणि खोल. "आता डावीकडची, मॅडम," कुणीतरी म्हणायचं आणि मी मनात आकडे मोजायचे. तासाभरात आटोपलं. खरा कठीण भाग नंतरचा. नळी घातलेल्या जागेतून रक्त येऊ नये म्हणून जांघेवर वाळूची पिशवी ठेवून सहा तास उताणं पडून राहायचं, पाय हलवायचा नाही. तिसऱ्या तासाला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुखत होतं म्हणून नाही. नुसतंच.

वॉर्डातल्या सुनंदाताई वाशीमकडच्या. त्या चादर बदलायला आल्या होत्या.

"काहून रडून राहिल्या, आजी?"

"काही नाही हो."

"काही नाही तं डोये काहून भरले? रडा, रडा. फक्त पाय नका हालवू."

आणि त्यांनी माझ्या पाठीखाली हात घालून चादरीची एक चुणी सरळ केली. ती चुणी तीन तास मला रुतत होती आणि मला कळलंच नव्हतं की जे रुततंय ती चुणी आहे. इतकं बरं वाटलं की मला हसू आलं. रुग्णालयात कुणाला भेटायला गेलात तर फळं नेऊ नका. चादरीच्या चुण्या सरळ करा.

त्यानंतर

पहिला महिना काहीच बदललं नाही. आजोबा रोज आकडा वाचायचे आणि मी लिहायचे, दोघंही चेहरा सरळ ठेवून. दुसऱ्या महिन्यात एक दिवस पहिलाच आकडा एकशे अठ्ठेचाळीस आला. आजोबांनी यंत्र हलवून बघितलं. मी म्हटलं, "अहो, ते कांद्याचं पोतं नाही." मग आणखी दोनदा मोजून तिन्ही लिहिले. हळूहळू तो एकशे चाळीसच्या खालीवर राहायला लागला. चार गोळ्यांच्या तीन झाल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं.

आता तुमचं काम. बाबा आकडा सांगेल तेव्हा "बाकीचे दोन?" असं विचारा. तो चिडेल. मीही चिडले असते. तरी विचारा. आणि त्याला घाबरवू नका. वाईट आकडा सांगितला म्हणून कुणी त्याच्यावर रुसणार नाही, एवढं त्याला दिसू द्या.

माझ्या मूत्रपिंडांबद्दल शेवटचं. जे गेलं ते परत आलेलं नाही. तीन गोळ्या, बिनमिठाचं जेवण आणि दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी जन्मभर राहणार. परवाच्या तपासणीत बेचाळीसचे एकोणचाळीस झाले आहेत. डायलिसिस लागलेलं नाही. दोन्ही मूत्रपिंडं काम करत आहेत.

तुमची,
आजी